व्हीएम निवांत, तरी होस्ट जागाच : टायमर इंटरप्टचा भार कसा उतरवायचा?

मागवाला_अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचा सर्व्हर आहे. एक सॉकेट, १६ कोअर, ३२ थ्रेड, इंटेल झीऑन. प्रॉक्समॉक्सवर (एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रं चालवणारी प्रणाली) ७ व्हीएम, म्हणजे आभासी यंत्रं, चालतात. ३ विंडोज, प्रत्येकी ४ व्हीसीपीयू, म्हणजे आभासी सीपीयू (हिशेब, ईआरपी, डिझाइन). ४ डेबियन लिनक्स: पोस्टग्रेस डेटाबेसला ८ व्हीसीपीयू, बाकी तिघांना ४-४ (मागांचा डेटा गोळा करणारी, बॅकअप, फाइल सर्व्हर). एकूण ३२ व्हीसीपीयू.

रात्रपाळी नसते तेव्हा प्रत्येक व्हीएमच्या आत पाहिलं तर सीपीयू दोन-तीन टक्के. होस्टवर, म्हणजे खऱ्या यंत्रावर, मात्र वीसच्या आसपास दाखवायलंय. टायमर इंटरप्टमुळं (घड्याळ सीपीयूला सारखं टोचून उठवतं त्यामुळं) असं होतं असं वाचलं. सगळ्या लिनक्स गेस्टचा (व्हीएमच्या आतल्या ओएसचा) कर्नल १०० हर्ट्झवर बांधून घ्यावा का? आणि होस्टवर काय बदलू? एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की सर्व्हर रूमचा एसी दमतो, वीज गेली की यूपीएसचा बॅकअपही कमी पडतो. म्हणून हा फुकटचा जागेपणा घालवायचाय.

---

टिक_मोजणारा

मालक, कर्नल बांधायला घेऊ नका. आधी हिशेब करू.

गेस्टला पुढची टिक, म्हणजे टायमरचा पुढचा ठोका, हवी असली की तो टीएससी (सीपीयूचं स्वतःचं घड्याळ) डेडलाइन या एमएसआरमध्ये (सीपीयूचं खास रजिस्टर) वेळ लिहितो. ते लिहिणं केव्हीएम (होस्टच्या कर्नलमधला व्हीएम चालवणारा भाग) अडवतो, हा पहिला एक्झिट, म्हणजे व्हीएममधून होस्टकडे बाहेर येणं. वेळ भरली की व्हीएममधून परत बाहेर यावं लागतं, हा दुसरा. म्हणजे एका टिकेला साधारण दोन एक्झिट. डेबियनचा कर्नल २५० हर्ट्झचा, म्हणजे दर ४ मिलिसेकंदांना एक टिक. समजा सगळेच्या सगळे ३२ व्हीसीपीयू लिनक्सचे आहेत आणि सतत कामात आहेत: ३२ × २५० × २ = १६,००० एक्झिट दर सेकंदाला. एका एक्झिटला मागचा-पुढचा खर्च धरून २ मायक्रोसेकंद पकडा. झाले ३२ मिलिसेकंद, म्हणजे एका कोअरचे ३.२ टक्के. १६ कोअरवर पसरलं तर ०.२ टक्के. १००० हर्ट्झचा कर्नल असता तरी ०.८ टक्के झाले असते.

आणि हा हिशेब कामात असलेल्या व्हीसीपीयूचा आहे. लिनक्समध्ये २००७ साली २.६.२१ पासून रिकामा सीपीयू टिक बंद करून झोपतो. तुमचे डेबियन गेस्ट रात्री रिकामे, म्हणजे त्यांची नियमित टिक मुळात चालूच नाही. १०० हर्ट्झ करून काय वाचणार?

तुमचे वीस टक्के दुसरीकडून येताहेत. ते कुठून, हे मोजल्याशिवाय एकही पॅरामीटर हलवू नका. होस्टवर रूट होऊन पर्फ या मोजणीच्या साधनाची आज्ञा पर्फ केव्हीएम स्टॅट रेकॉर्ड ३० सेकंद चालवा, थांबवा, मग पर्फ केव्हीएम स्टॅट रिपोर्ट. एका वेळी एकाच व्हीएमचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) द्या, सगळं एकत्र केलं तर दोषी सापडत नाही. (या धाग्यात आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर नेहमीचं इंग्रजी स्पेलिंगच द्यायचं.)

रिपोर्टमधल्या ओळी अशा वाचा. एमएसआर_राइट जास्त असेल तर गेस्ट टायमर लावतोय. प्रीएम्प्शन_टायमर म्हणजे लावलेला टायमर वाजतोय. या दोन ओळी जवळपास सारख्या आल्या तर ती खरी टिक किंवा गेस्टमधल्या एखाद्या प्रोग्रॅमचा टायमर. एक्स्टर्नल_इंटरप्ट जास्त असेल तर होस्टची स्वतःची टिक किंवा डिस्क-नेटवर्कचे इंटरप्ट व्हीएमला बाहेर ओढताहेत. आयओ_इन्स्ट्रक्शन आणि ईपीटी_मिसकॉन्फिग या ओळी वर आल्या तर गेस्ट घड्याळ वाचायला जुनं हार्डवेअर वापरतोय. ते सगळ्यात महाग, कारण बऱ्याचदा तो एक्झिट केव्हीएममध्ये न संपता क्यूईएमयूपर्यंत (व्हीएमचं हार्डवेअर भासवणारा होस्टवरचा प्रोग्रॅम) जातो.

---

मागवाला_अक्कलकोटरोड

मोजलं. पोस्टग्रेस, बॅकअप, फाइल सर्व्हर तिघंही शांत आहेत. तीन विंडोजपैकी एकात आयओ_इन्स्ट्रक्शन आणि ईपीटी_मिसकॉन्फिग सगळ्यात वर. दुसऱ्या दोघांत एमएसआर_राइट वर, पण एकाचा प्रत्येक एक्झिटचा सरासरी वेळ दुसऱ्याच्या कितीतरी पट. मागांचा डेटा घेणाऱ्या डेबियनमध्ये एमएसआर_राइट, प्रीएम्प्शन_टायमर आणि एचएलटी (काम नसलं की सीपीयू थांबवणं) तिन्ही भरपूर, तेही रात्री.

---

शेंगाचटणी

चार व्हीएम, चार वेगळे आजार दिसताहेत. पहिल्या विंडोजचं मी सांगते.

पर्फ केव्हीएम स्टॅट रिपोर्टला इव्हेंट म्हणून आयओपोर्ट द्या, मग एमएमआयओ द्या. पोर्ट ०x६०८ दिसला तर एसीपीआय पीएम टायमर, ७० आणि ७१ दिसले तर आरटीसी, पत्ता एफईडी०००००च्या आसपास असेल तर एचपीईटी, ही तिन्ही जुनी हार्डवेअर घड्याळं. (शून्यं नीट मोजा: एफईडीनंतर पाच.)

कारण जवळजवळ ठरलेलं असतं. ती व्हीएम तयार करताना ओएस टाइप "अदर" किंवा लिनक्स ठेवून वर विंडोज टाकलेलं असतं. प्रॉक्समॉक्स ओएस टाइप विंडोज दिसला तरच हायपर-व्हीच्या (मायक्रोसॉफ्टचं व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) सोयी जोडतो: एचव्ही_टाइम, एचव्ही_सिनिक, एचव्ही_एसटायमर, एचव्ही_व्हीपीइंडेक्स, एचव्ही_रिलॅक्स्ड वगैरे. शिवाय एचपीईटी काढून टाकतो आणि पीआयटीच्या (आणखी एक जुना टायमर) हुकलेल्या टिका टाकून देण्याचं धोरण लावतो. हे नसेल तर विंडोज आपण खऱ्या मशीनवर आहोत असं समजून आरटीसी नाहीतर एचपीईटीकडून टिक घेतं आणि वेळ विचारायला प्रत्येक वेळी क्यूईएमयूचं दार वाजवतं.

क्यूएम शोसीएमडी, पुढे व्हीएमचा नंबर आणि प्रीटी पर्याय देऊन पूर्ण आज्ञा पाहा. सीपीयूच्या ओळीत एचव्ही_ ने सुरू होणारे शब्द नसतील तर क्यूएम सेटनं ओएस टाइप योग्य विंडोजचा करा. व्हीएम पूर्ण बंद करून सुरू करा. आतून रीस्टार्ट केलेलं चालत नाही, क्यूईएमयूची प्रोसेस तीच राहते.

लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळणारं दुसरं साधन) वापरणाऱ्यांनी हेच एक्सएमएलमध्ये हातानं लिहायचं: क्लॉकमध्ये एचपीईटी प्रेझेंट नो, हायपरव्हीक्लॉक प्रेझेंट येस, आणि हायपरव्ही फीचरमध्ये व्हीपीइंडेक्स, सिनिक, एसटायमर. एसटायमर एकटा लावून चालत नाही, त्याला व्हीपीइंडेक्स, सिनिक आणि हायपरव्हीचं घड्याळ तिन्ही लागतात.

एवढं करूनही पोर्ट ६०८ गेला नाही तर विंडोजमध्ये ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर बीसीडीएडिट चालवून यूजप्लॅटफॉर्मक्लॉक "येस" आहे का पाहा. "फास्ट पीसी"च्या नुस्ख्यांत ते लावायला सांगतात आणि मग विंडोज चांगलं घड्याळ सोडून जुन्याकडे जातं. डिलीटव्हॅल्यूनं ती नोंद काढा आणि रीबूट करा.

---

टिक_मोजणारा

ताईंनी सांगितलं त्यात एक भर. प्रॉक्समॉक्स व्हीएमला माउससाठी यूएसबी टॅबलेट जोडून देतो. मशीन टाइप जुना आय४४०एफएक्स असेल तर तो यूएचसीआय कंट्रोलरवर बसतो, आणि गेस्टनं ते यूएसबी निजवलं नाही तर क्यूईएमयू त्याच्यासाठी सेकंदाला १००० वेळा उठतं. हे एक्झिटच्या तक्त्यात दिसत नाही, कारण जागा होतो तो क्यूईएमयूचा मुख्य थ्रेड, व्हीसीपीयूचा नव्हे. टॉप कॅपिटल एच देऊन थ्रेड पाहा. "सीपीयू ०/केव्हीएम" नावाचे थ्रेड शांत आणि मुख्य केव्हीएम थ्रेड मात्र सतत थोडा थोडा चालू, असं असेल तर हाच. क्यूएम सेट, टॅबलेट ०. ज्या विंडोजमध्ये लोक रिमोट डेस्कटॉपनंच जातात तिथं काही बिघडत नाही. वेब कन्सोल उघडलं तर तिथला माउस कर्सर थोडा सरकून दिसेल, तेवढंच.

---

सिद्धेश्वर_तळं

दुसऱ्या विंडोजचं, म्हणजे ज्याच्या एका एक्झिटला कितीतरी पट वेळ लागतोय त्याचं. सीपीयू टाइप "होस्ट" आहे का? आणि विंडोज ११ किंवा सर्व्हर २०२२?

तसं असेल तर गेस्टला व्हीएमएक्स (सीपीयूची व्हीएम चालवण्याची सोय) दिसतं, आणि विंडोज व्हीबीएस (व्हर्च्युअलायझेशनवर आधारलेली सुरक्षा) सुरू करून स्वतःखाली आपला हायपरव्हायझर, म्हणजे व्हीएम चालवणारा थर, घालतं. मग तुमच्या व्हीएमच्या पोटात अजून एक व्हीएम झाली. आतल्या विंडोजनं टायमर लावला की तो एक्झिट आधी केव्हीएमकडे येतो, केव्हीएम तो मधल्या हायपरव्हायझरला देतो, मधला त्याच्यासाठी स्वतः बरेच एक्झिट करतो, मग परत आत. एका टिकेचा खर्च कित्येक पटींनी वाढतो. हिशेबात ०.२ टक्के निघणारी गोष्ट इथं खरोखर टोचते.

एमएसइन्फो३२ उघडा. "व्हर्च्युअलायझेशन-बेस्ड सिक्युरिटी" समोर "रनिंग" दिसलं तर खात्री झाली. व्हीबीएस हवंय की नको हा सुरक्षेचा निर्णय आहे, तो गती पाहून घाईनं घेऊ नका. ईआरपीच्या सर्व्हरवर सगळे येऊन लॉगिन करत असतील तर मी ते ठेवीन आणि खर्च सोसेन. एकाच माणसाच्या डिझाइन मशीनवर नको असेल तर सीपीयू टाइप "होस्ट" ऐवजी एक्स८६-६४-व्ही३ करा, व्हीएमएक्स दिसणंच बंद होतं.

उलट बाजूनंही चुकू नका. सीपीयू टाइप फार जुना केव्हीएम६४ ठेवला तर टीएससी डेडलाइन टायमर गेस्टला मिळत नाही. लिनक्स गेस्टमध्ये एलएससीपीयूच्या फ्लॅगमध्ये टीएससी_डेडलाइन_टायमर हा शब्द शोधा. नसला तर टाइप बदला.

---

कडकभाकरी

तिसऱ्या विंडोजमध्ये नुसतं एमएसआर_राइट जास्त आहे आणि वेळ ठीक आहे म्हणालात. म्हणजे एचव्ही_एसटायमर नीट चालू आहे, फक्त कुणीतरी टिक फार वेगानं मागतंय. विंडोजची मूळ टिक १५.६२५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ६४. एखादा प्रोग्रॅम टाइमबिगिनपिरियड मागून ती १ मिलिसेकंदावर आणतो. विंडोज १० च्या २००४ आवृत्तीपासून एकाच्या मागणीचा परिणाम दुसऱ्या प्रोसेसच्या झोपेवर होत नाही, पण इंटरप्ट मात्र सगळ्यात घाईच्या मागणीप्रमाणंच येत राहतात.

कोण मागतंय ते पकडायला ॲडमिन होऊन पॉवरसीएफजी एनर्जी चालवा. ते ६० सेकंद पाहतं आणि एचटीएमएल रिपोर्ट देतं. त्यात "प्लॅटफॉर्म टायमर रिझोल्युशन" खाली प्रोसेसचं नाव सापडेल. बऱ्याचदा उघडा ठेवलेला ब्राउझर असतो. डिझाइनवाल्यांना रात्री जाताना लॉगऑफ करायला सांगा. डिस्कनेक्ट आणि लॉगऑफ यात फरक आहे, डिस्कनेक्ट केल्यावर सगळं मागं चालूच राहतं.

---

मागवाला_अक्कलकोटरोड

पहिल्या विंडोजचा ओएस टाइप खरंच "अदर" होता. दुसऱ्यात सीपीयू "होस्ट", व्हीबीएस रनिंग. तिसऱ्यात ब्राउझर. तिन्ही निदानं बरोबर निघाली. पहिली आणि तिसरी लगेच दुरुस्त केली, दुसरी ईआरपीची आहे म्हणून व्हीबीएस ठेवलंय.

आता मागांचा डेटा घेणारी डेबियन. तिच्यात कलेक्टर प्रोग्रॅम आहे, मागांच्या पीएलसीला (मागावरचा नियंत्रक) मॉडबस टीसीपीवरून, म्हणजे नेटवर्कवरून, विचारत राहतो. माग रात्री बंद असले तरी तो चालूच असतो.

---

टिक_मोजणारा

मग तिथं कर्नलची टिक नाही, त्या प्रोग्रॅमची स्वतःची टिक आहे. एसट्रेस (प्रोग्रॅमचे सिस्टम कॉल दाखवणारं साधन) सी एफ लावून १० सेकंद बघा. क्लॉक_नॅनोस्लीप किंवा ईपोल_वेट हजारोंनी दिसले तर लूपमध्ये १ मिलिसेकंदाची झोप लिहिलेली आहे. प्रत्येक झोपेला काय होतं बघा: व्हीसीपीयू रिकामा झाला, टायमर लावला (एमएसआर_राइट), एचएलटीनं बाहेर आला, वेळ भरली, परत आत. म्हणून तुम्हाला तिन्ही ओळी एकत्र दिसल्या.

आता मागाकडं बघा. ३०० आरपीएमनं चालणारा माग सेकंदाला ५ पिक (आडवे धागे) टाकतो, म्हणजे एका पिकेला २०० मिलिसेकंद. पिका मोजायचं काम पीएलसीच्या काउंटरचं आहे. कलेक्टरनं फक्त काउंटरचा आकडा आणि थांबण्याचं कारण उचलायचं. त्यासाठी ५०० मिलिसेकंद किंवा १ सेकंद भरपूर झाला. काउंटर नसलेल्या जुन्या मागाचा प्रॉक्सिमिटी सेन्सर थेट वाचत असाल तर वेगळं, पण ते नेटवर्कवरून मोजायचं कामच नव्हे. तिथं छोटा काउंटर बसवावा.

कॉन्फिगमध्ये पोलिंगचा वेळ बदलता येत नसेल, म्हणजे सोर्स विक्रेत्याकडं असेल, तर सिस्टमडीच्या युनिट फाइलमध्ये सर्व्हिस विभागात टायमरस्लॅकएनसेक=५एमएस लिहा. साध्या प्रोसेसला कर्नल ५० मायक्रोसेकंद ढील देतो. ती ५ मिलिसेकंद केली की १ मिलिसेकंदाची झोप जास्तीत जास्त ६ पर्यंत लांबू शकते आणि जवळजवळचे टायमर एकाच जागरणात उरकतात. रिअल-टाइम प्रायॉरिटीच्या थ्रेडला ही ढील लागू होत नाही, तेव्हा युनिटमध्ये सीपीयूशेड्युलिंगपॉलिसी एफआयएफओ नाही ना, ते पाहून घ्या. डीमन-रीलोड, मग सर्व्हिस रीस्टार्ट.

---

चिंचोली_रॅक

आमच्याकडं नोहर्ट्झ_फुल सगळ्या गेस्टला लावायचा विचार आहे, टिकच राहणार नाही. पोस्टग्रेसला पण लावावं ना?

---

सिद्धेश्वर_तळं

पोस्टग्रेसला नको, अण्णा. नोहर्ट्झ_फुल (३.१० कर्नलपासून, २०१३) टिक तेव्हाच थांबवतं जेव्हा त्या सीपीयूवर चालायला तयार असं एकच काम असतं. पोस्टग्रेसचे डझनावारी बॅकएंड एका व्हीसीपीयूवर आळीपाळीनं चालणार, तिथं टिक थांबायची नाही. बदल्यात प्रत्येक सिस्टम कॉलला आत-बाहेर जाताना कर्नलला नोंद ठेवावी लागते, म्हणजे सिस्टम कॉल महाग. डेटाबेस म्हणजे सिस्टम कॉलच सिस्टम कॉल. नुकसानच होईल.

हे कुणाला? एक थ्रेड एक कोअर धरून सतत गणित करतो त्याला. पॅकेट उचलणारे, प्रतिमा तपासणारे.

---

चिंचोली_रॅक

तसंच एक आहे. कापड तपासणीचा कॅमेरा आहे, त्याची व्हीएम ४ व्हीसीपीयूची, फ्रेममागचा वेळ मध्येच उडी मारतो. सरासरी चांगली आहे, पण अधूनमधून उशीर होतो. इंटेल झीऑनच, १६ कोअर.

---

टिक_मोजणारा

मग हे सविस्तर लिहितो. हे फक्त राखीव कोअरवाल्या व्हीएमसाठी आहे. मूळ धागाकर्त्याच्या सर्व्हरवर, जिथं ३२ व्हीसीपीयू ३२ थ्रेडवर वाटून खाताहेत, तिथं याला हात लावू नका.

यात तीन टिका वेगळ्या करायच्या. होस्टची, गेस्टची, आणि गेस्टचा टायमर जिथं वाजतो ती जागा.

आधी होस्टच्या कर्नलमध्ये सोय आहे का पाहा. बूट फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये कॉन्फिग_नो_हर्ट्झ_फुल=वाय असायला हवं. नसेल तर बूट ओळीतला पॅरामीटर कर्नल मुकाट्यानं सोडून देतो आणि आपण लावलं म्हणून बसतो.

मग कोअर ठरवा. सीपीयू४ चा जोडीदार थ्रेड कोणता, ते सिस-डिव्हायसेस-सिस्टम-सीपीयू-सीपीयू४-टोपोलॉजीमधल्या थ्रेड_सिब्लिंग्ज_लिस्टमध्ये दिसतं. १६ कोअरच्या यंत्रावर बहुतेक २० असतो, पण पाहूनच घ्या. बूट ओळीत नोहर्ट्झ_फुल=४-७,२०-२३ आणि आयसोलसीपीयूज=डोमेन,मॅनेज्ड_आयआरक्यू,४-७,२०-२३. व्हीसीपीयू फक्त ४ ते ७ वर बसवा. २० ते २३ रिकामे सोडा, नाहीतर शेजारचा थ्रेड कोअरची अर्धी ताकद खाईल आणि ती उडी तशीच राहील. अपडेट-ग्रब किंवा प्रॉक्समॉक्स-बूट-टूल रिफ्रेश, जे लागू असेल ते. बूट झाल्यावर सिस-डिव्हायसेस-सिस्टम-सीपीयूमधली नोहर्ट्झ_फुल फाइल वाचून खात्री करा.

इथं पुष्कळ जण फसतात ती जागा: आयसोलसीपीयूज डोमेन लावलं की शेड्युलर त्या सीपीयूंमध्ये काम वाटत नाही. प्रॉक्समॉक्सचं ॲफिनिटी ४-७ हे पूर्ण क्यूईएमयू प्रोसेसला लागतं, एकेका व्हीसीपीयूला नाही. परिणाम असा की चारही व्हीसीपीयू आणि क्यूईएमयूचा मुख्य थ्रेड सगळे सीपीयू४ वर चढून बसतात, बाकी तीन कोअर मोकळे. व्हीएम आधीपेक्षा हळू होते आणि दोष नोहर्ट्झ_फुलला दिला जातो. हुकस्क्रिप्टच्या (व्हीएम सुरू-बंद होताना आपोआप चालणारी स्क्रिप्ट) पोस्ट-स्टार्टमध्ये प्रोसेसच्या टास्क फोल्डरमधल्या प्रत्येक थ्रेडची कॉम फाइल वाचा. "सीपीयू ०/केव्हीएम" ला टास्कसेटनं ४ वर, "सीपीयू १/केव्हीएम" ला ५ वर, असं करत जा. उरलेले सगळे थ्रेड ० ते ३ वर. लिबव्हर्टमध्ये हेच व्हीसीपीयूपिन आणि एम्युलेटरपिन. एका कोअरवर एकच व्हीसीपीयू थ्रेड राहिला की होस्टची टिक तिथं थांबते. या व्हीएमला प्रॉक्समॉक्सची सीपीयू लिमिट लावलेली असेल तर काढा.

आता गेस्टचा टायमर. नेहमी केव्हीएम इंटेलचा प्रीएम्प्शन टायमर वापरतो (४.८ कर्नलपासून), तो व्हीसीपीयूच्याच कोअरवर वाजतो आणि व्हीएमला बाहेर काढतो. २०१९ मध्ये ५.३ कर्नलला नवी वाट आली: टायमर घरकामाच्या (राखीव न ठेवलेल्या) कोअरवर वाजवायचा, आणि इंटरप्ट पोस्टेड इंटरप्टनं थेट चालत्या व्हीसीपीयूत टाकायचा. व्हीएमला बाहेर यावंच लागत नाही. त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. एक, एपीआयसीव्ही (इंटरप्ट हार्डवेअरनंच व्हीएमला देण्याची इंटेलची सोय) चालू: केव्हीएम_इंटेलच्या पॅरामीटरमध्ये एनेबल_एपीआयसीव्ही वाय. दोन, केव्हीएमचा पीआय_इंजेक्ट_टायमर चालू. नोहर्ट्झ_फुल लावलेलं असलं की तो आपोआप चालू होतो. तीन, गेस्टला एचएलटी किंवा एमवेट स्वतःचं स्वतः करू देणं: व्हीएमच्या कॉन्फिगमध्ये आर्ग्स ओळीत ओव्हरकमिट सीपीयू-पीएम=ऑन. तिसरी गोष्ट राहून गेली तर पहिल्या दोन असूनही काहीच बदलत नाही, नवे कर्नल ही अट पाहतातच.

सिसकंट्रोलमध्ये कर्नल.टायमर_मायग्रेशन १ च हवं. कुठून तरी उचललेल्या लेटन्सीच्या यादीत ते ० केलेलं असेल तर टायमर घरकामाच्या कोअरकडे सरकणारच नाही.

---

शेंगाचटणी

सीपीयू-पीएमबद्दल ठळक सांगायला हवं. ते लावलं की गेस्ट झोपला तरी होस्टला कळत नाही. होस्टच्या टॉपमध्ये ते चार थ्रेड कायम १०० टक्के दिसतील. हे बिघाड समजून कुणी काढून टाकू नका. पण त्याच कोअरवर दुसरी व्हीएम ठेवली असेल तर तिचे हाल होतील, कारण पहिली कोअर सोडतच नाही. एका कोअरवर एकापेक्षा जास्त व्हीसीपीयू असतील तिथं हा पर्याय वापरायचा नाही.

---

चिंचोली_रॅक

लावलं. प्रीएम्प्शन_टायमर आणि एचएलटी या ओळी गेल्या. पण एमएसआर_राइट तसंच आहे, आणि गेस्टच्या प्रॉक-इंटरप्ट्समध्ये एलओसीचा (टायमर इंटरप्टचा) आकडा पण आधीसारखाच वाढतोय. अर्धंच झालं का?

---

टिक_मोजणारा

हो, अर्धंच, आणि ते बरोबरच आहे. पोस्टेड इंटरप्टनं टायमर वाजण्याचा एक्झिट वाचला. टायमर लावण्याचा, म्हणजे एमएसआर लिहिण्याचा, अजून आहे. ५.८ पासून केव्हीएम त्याला जलद वाटेनं परत पाठवतो, म्हणून तो स्वस्त आहे, पण आहे. एलओसीचा आकडा गेस्टला मिळालेले इंटरप्ट मोजतो, एक्झिट नाही. ते मिळत राहणारच. नुसता एलओसी पाहून भार ठरवू नये तो यासाठीच.

उरलेलं गेस्टच्या आत. गेस्टच्या बूट ओळीत नोहर्ट्झ_फुल=१-३, शून्य घरकामाला ठेवा. कॅमेऱ्याच्या प्रोग्रॅमचे तीन कामाचे थ्रेड टास्कसेटनं १, २, ३ वर एकेक. ४.१७ पासून उरलेली सेकंदाला एक टिकही घरकामाच्या सीपीयूवरून भागवली जाते. १० सेकंदांच्या अंतरानं एलओसी वाचा, १ ते ३ या रकान्यांत मोजकीच वाढ हवी. तरी शेकड्यांनी वाढला तर टायमर गटातला टिक_स्टॉप हा ट्रेसपॉइंट लावा. टिक का थांबली नाही त्याचं कारण तो सांगतो: शेड म्हणजे दुसरं काम त्याच सीपीयूवर आहे, पर्फ_इव्हेंट्स म्हणजे तुम्हीच मागं पर्फ चालू ठेवलंय, क्लॉक_अनस्टेबल म्हणजे घड्याळावर कर्नलचा भरवसा नाही. शेवटचं आलं तर होस्टच्या डीमेसेजमध्ये टीएससी अनस्टेबल शोधा.

---

कडकभाकरी

एएमडीवाल्यांसाठी दोन ओळी. तिथं प्रीएम्प्शन टायमर नसतो, गेस्टचा टायमर होस्टच्या एचआरटायमरवर चालतो. एपीआयसीव्हीची जागा एव्हीआयसी घेतं. केव्हीएम_एएमडीच्या पॅरामीटरमध्ये एव्हीआयसी चालू आहे का पाहा, ते बराच काळ मुळात बंदच यायचं. चालू करूनही व्हीएममध्ये लागू होत नसेल तर पीआयटीच्या हुकलेल्या टिका परत देण्याचं धोरण आडवं येतं. ग्लोबल केव्हीएम-पिट.लॉस्ट_टिक_पॉलिसी=डिस्कार्ड हे आर्ग्समध्ये द्या.

---

मागवाला_अक्कलकोटरोड

कलेक्टरचा वेळ ५०० मिलिसेकंद केला, टॅबलेट तिन्ही विंडोजचे काढले. होस्ट रात्री सहा-सातवर आला. आता राहिलेल्यात व्हीबीएसवाली विंडोज सोडली तर काय आहे? पर्फमध्ये एचएलटीच्या ओळीत एकूण वेळ खूप दाखवतंय.

---

सिद्धेश्वर_तळं

एचएलटीचा एकूण वेळ म्हणजे गेस्ट झोपला होता तो वेळ, त्याला घाबरायचं कारण नाही. तिथं फक्त किती वेळा, ते पाहायचं.

पण त्याच्यामागं एक गोष्ट आहे ती तुमच्या एसी-यूपीएसला लागू पडते. गेस्टनं एचएलटी केलं की केव्हीएम लगेच झोपत नाही, २०० मायक्रोसेकंदांपर्यंत जागा राहून वाट पाहतो, लगेच काही आलं तर उशीर नको म्हणून. हा केव्हीएमचा हॉल्ट_पोल_एनएस. मूळ किंमत २,००,०००. अधूनमधून उठणारे बरेच गेस्ट असले की होस्टचा सीपीयू यातच दिसतो आणि कोअर खोल झोपेत जात नाहीत. सिस-मॉड्यूल-केव्हीएम-पॅरामीटर्समध्ये ५०,००० लिहून पाहा, मग ०. प्रत्येक वेळी व्हीएम बंद करून चालू करा, म्हणजे जुना आकडा धरून बसली असेल अशी शंका राहत नाही. टर्बोस्टॅटमध्ये सीपीयू%सी६ (खोल झोपेचा वाटा) आणि पीकेजीवॅट (सीपीयूची वीज) हे दोन रकाने आधी आणि नंतर दहा-दहा मिनिटं टिपा, तेही रात्रीच्या एकाच वेळेला, कारण दिवसा रूमचं तापमान चढलं की वॅटही थोडे हलतात.

० केल्यावर दिवसा पोस्टग्रेसच्या छोट्या क्वेऱ्यांना जाग यायला थोडा जास्त वेळ लागेल. ईआरपीची स्क्रीन जड वाटली तर ५०,००० वर परत या.

---

मागवाला_अक्कलकोटरोड

५०,००० वर ठेवतो, दोन्ही रकाने टिपून इथं टाकतो. प्रॉक्समॉक्सचा कर्नल अपडेट झाल्यावर हे टिकेल का?

---

टिक_मोजणारा

ओएस टाइप, टॅबलेट, सीपीयू टाइप व्हीएमच्या कॉन्फिगमध्ये आहेत, ते टिकतात. हॉल्ट_पोल_एनएस सिसमध्ये लिहिलेलं रीबूटला जातं. मॉडप्रोब.डी फोल्डरमध्ये एक फाइल करून त्यात ऑप्शन्स केव्हीएम हॉल्ट_पोल_एनएस=५०००० लिहा, अपडेट-इनिटरॅमएफएस चालवा. अपडेटनंतरच्या पहिल्या रात्री पर्फचा तोच ३० सेकंदांचा रिपोर्ट काढा आणि आजच्या फाइलशेजारी ठेवून ओळी ताडा. आजचा रिपोर्ट म्हणून जपून ठेवा, फाइलच्या नावात कर्नलची आवृत्ती घाला.